डावीकडे कललेली गादी

ओरुरो शहरात गाडीची सीट फाटली की लोक दोनपैकी एका ठिकाणी जातात. घाई असली तर बाजारात, तयार कव्हरं घ्यायला. कंबर दुखत असली तर दोन्या बासिलिया कोंदार्कोकडे; दोन्या म्हणजे आपलं 'बाई'. तिचं दुकान रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. एक लांबट खोली, पुढे पत्र्याचं दार, आत जाड सुईचं पायमशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेले रेक्झिनचे नि कॉर्ड्रॉयचे तागे. दुकान थाटलं तिच्या नवऱ्याने. तो पुढे चिलीत खाणीवर कामाला गेला, सुरुवातीला अधूनमधून फोन करायचा, मग फोन थांबले आणि माणूसही थांबला. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "मास्तर आहेत का?"

"मास्तर गेला. सुई इथेच आहे. सीट आत आणा," बासिलिया म्हणायची.

पहिलं वर्षभर लोक परत फिरले. मग कोणीतरी नाइलाजाने एक सीट टाकून गेला, त्याची पाठ दुखायची थांबली, आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी एकदा गोष्ट पडली की ती शहरभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

तिची रीत जरा विचित्रच. कापड कुठलं हवं हे ती आधी विचारत नाही. आधी सीट जमिनीवर ठेवते, ड्रायव्हरला तीवर बसवते आणि त्याच्या बुडाखाली हात घालते. भलेभले दांडगे पुरुष यावर लाजतात.

"दोन्या बासी, गुदगुल्या होतात!"

"होऊ देत. आणि नीट बसा. मिरवणुकीतल्या संतासारखे काय बसलाय? मागे एखादी बाई भाड्यावरून कचाकचा भांडत असताना जसे बसता, तसे बसा."

मग ड्रायव्हर हसतो, सैल होतो, त्याचं खरं वजन खाली येतं, आणि तिच्या तळहाताला कळतं की फोम कुठे बसला आहे नि कुठे भरायला हवा. हे झालं की ती कापडाकडे वळते, आणि तिथे मात्र गिऱ्हाइकाचं फारसं चालत नाही. एखाद्याने कडेला लाल पाइपिंग सांगावं आणि तपकिरी घेऊन घरी जावं, हे तिच्या दुकानात नेहमीचं. विचारलं की तिचं एकच उत्तर, "लाल संपलं होतं." मागच्या फळीवर लाल पाइपिंगचं अख्खं वेटोळं लटकत असतं. ते तिलाही दिसतं, गिऱ्हाइकालाही दिसतं, पण सीट इतकी सुरेख झालेली असते की कोणी वाद घालत नाही.

हे सगळं झकास चाललेलं असताना तिच्या आयुष्यात एक काटा होता, आणि तो तिच्या सख्ख्या भावाचा होता.

रुपेर्तो तिच्याहून मोठा. तरुणपणी खाणीत पडला, डावा खुबा मोडला, तो सांधला पण वाकडा. सपाट सीटवर बसला की तासाभरात त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याने टॅक्सी घेतली तेव्हा बासिलियाने त्याच्यासाठी एक सीट केली, डावीकडे खोल आणि उजवीकडे उंच, म्हणजे मोडका पाय आपोआप खाली सुटावा. वर हिरवं कॉर्ड्रॉय घातलं आणि शिवण घातली भडक पिवळ्या दोऱ्याची.

"बासी, हे काय? टॅक्सी आहे का पोपट?" रुपेर्तोने विचारलं होतं.

"काळा दोरा संपला होता," ती म्हणाली होती.

त्या सीटवर तो पाच वर्षं आरामात बसला. मग एका कार्निव्हलला त्याने मागचं बाक दुरुस्त करायला गाडी तिच्या दुकानासमोर लावली. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि तो मिरवणूक बघायला गेला. बँडचा आवाज जवळ आला तशी बासिलियाही कोपऱ्यापर्यंत गेली. शनिवारच्या मिरवणुकीला ओरुरोत घरात बसणारं माणूस अजून जन्माला यायचंय. ती परत आली तेव्हा किल्ली खिळ्यावर होती आणि गाडी नव्हती.

किल्लीवाचून गाड्या पळवणारे काही कमी नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण रुपेर्तोची बायको ओर्तेन्सिया चारचौघांत म्हणाली, "किल्ली जागेवर नि गाडी गायब? नणंदबाईंकडे जादू आहे म्हणायची." रुपेर्तोने बायकोचं ऐकून घेतलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याने बहिणीच्या दुकानाचा उंबरा ओलांडला नाही. दुसऱ्याची टॅक्सी चालवायला लागला, सपाट सीटवर. बासिलिया त्याला लांबून लंगडताना बघायची आणि तिचा जीव तीळतीळ तुटायचा. दाराजवळचा तो खिळा रिकामाच राहिला. त्याला दुसरं काही अडकवायचा तिला धीर झाला नाही.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली आणि कार्निव्हल पुन्हा तोंडावर आला. तेव्हा लिम्बेर्त आणि दानित्सा हे जोडपं दुकानात आलं. कोवळं वय, पाठीला फडक्यात बांधलेलं तान्हं, आणि दारात नुकतीच घेतलेली पांढरी टोयोटा. तसली गाडी या शहरात दर तिसरा टॅक्सीवाला चालवतो.

"ड्रायव्हरची सीट वाकडी आहे," लिम्बेर्त म्हणाला. "दोन तास चालवली की मी दाराला जाऊन चिकटतो. विकणारा म्हणाला, जपानहून अशीच आली."

इथल्या गाड्या जपानमध्ये वापरून झाल्या की बोटीतून येतात. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे, ते इथे डावीकडे आणून बसवतात. त्यामुळे गाडीत काहीही वाकडं निघालं की खापर जपानवर फुटतं.

"सरळ करून देते," बासिलिया म्हणाली. "वर काय घालायचं?"

"रेक्झिन! काळं, चकचकीत," लिम्बेर्त म्हणाला.

"घाल की. पहाटे पाचला बर्फाच्या लादीवर बसशील. वर्षभरात उन्हाने तडे जातील आणि मग ते तुझ्या पँटला चावेल."

"मग मेंढीचं कातडं?" दानित्साने विचारलं.

"ऊब छान. पण कार्निव्हलात पाण्याचे फुगे बसले की ओली मेंढी गाडीत घेऊन हिंडायचं. वास जायला ईस्टर येतो."

"तयार कव्हरं तरी स्वस्त पडतात," लिम्बेर्त पुटपुटला.

"आत्ता कुठली आहेत? तयारच ना? प्रवासी उतरला की कव्हरही त्याच्या मागे उतरतं. त्यात मागे सैतानाच्या सोंगातला नाच्या बसला, त्याच्या बुटाचा काटा अडकला, की संपलं. हे बघ, बसायच्या जागी जाड कॉर्ड्रॉय घाल, ते ऊब धरतं, घसरत नाही. कडांना आणि मागच्या बाजूला रेक्झिन, म्हणजे बटाट्याची पोती घासली तरी पुसून काढता येतं. दिसायला फार चकचकीत नाही, पण कंबर तुला दुवा देईल."

दानित्साने नवऱ्याला कोपराने ढोसलं. लिम्बेर्तने घसा खाकरला. "दोन्या बासिलिया, आणखी एक विचारायचं होतं. मंगळवारी गाडीचा चाल्या करायचाय. तुम्ही सीटांची धर्ममाय व्हाल का?"

कार्निव्हलच्या मंगळवारी ओरुरोत घरावर, दुकानावर, गाडीवर दारू शिंपडतात, पाकळ्या नि रंगीत कागद उधळतात, म्हणजे धरणीमाय वर्षभर सांभाळते. तो चाल्या. आणि नवी गाडी इथे कोणी एकट्याच्या बळावर घेत नाही. रेडिओला एक धर्मबाप, टायरांना दुसरा, केकला तिसरा. जो जी वस्तू देईल तो तिचा धर्मबाप, आणि त्या दिवसापासून दोन घरं नात्यातली. बासिलियाने आजवर शहरातल्या निम्म्या सीटा शिवल्या, पण तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिचं काम, तिची मजुरी, संपला विषय. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ती उगाच कात्री शोधू लागली.

"होईन," ती म्हणाली. "गाडी ठेवून जा."

दुपारी तिने सीट काढून आत आणली आणि तयार कव्हर उतरवलं. खाली तपकिरी रेक्झिन निघालं. यात नवल काही नाही. इथे जुनी खोळ कोणी काढत नाही, तिच्यावरच नवी चढवतात. थंडीला तेवढाच आणखी एक थर. तिने रेक्झिनची शिवण उसवली आणि ते बाजूला केलं.

खाली हिरवं कॉर्ड्रॉय होतं. पिवळ्या दोऱ्याचं.

बासिलियाने सीट उजेडात ओढली. हात घालून बघायची गरज नव्हती, तरी तिने घातला. डावीकडे खोल, उजवीकडे उंच. चोराने गाडीचा रंग बदलला होता, नंबर घासून नवे ठोकले होते, काचा बदलल्या होत्या. पण तोही ओरुरोचाच. जुनी खोळ काढायचं त्याच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला विचार तिला आला तो स्वतःचा आला, आणि त्याची तिला नंतर बरेच दिवस लाज वाटली. गाडी सापडली कुठे? तर तिच्याच दुकानात. सीटांची धर्ममाय कोण? तीच. ओर्तेन्सियाला आणखी काय हवं होतं? म्हणेल, बघा, गाडी इतके दिवस हिच्याकडेच होती, रंग वाळला तशी बाहेर काढली. दुसरा विचार दानित्साच्या पाठीवरच्या पोराचा. रुपेर्तोला गाडी मिळाली तर ही तिघं रस्त्यावर. आणि तिसरा विचार त्या लंगडणाऱ्या माणसाचा.

समोर फोम कापायची सुरी पडली होती. यातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही की तिला खोटं बोलायचीही गरज नव्हती. गिऱ्हाइकाने जे सांगितलं तेवढंच करायचं. उजवीकडचा उंचवटा कापायचा, डावीकडे भर घालायची, हिरवं कापड चुलीत. मग ही गाडी रुपेर्तोची होती हे साक्षात रुपेर्तोलाही कळलं नसतं. तिने सुरी उचलली, फोमला लावलीसुद्धा. मग सुरी ठेवली, हिरवी खोळ पुन्हा ताणून बसवली, डोक्यावर हॅट घातली आणि टेकडीवरच्या भावाच्या घराची वाट धरली.

दार ओर्तेन्सियाने उघडलं.

"वहिनी, दादाला उद्या सकाळी दुकानात पाठव. एका सीटवर बसून बघायचंय."

"तुझ्या दुकानात? मागे गाडी ठेवली होती, आता नवरा ठेवू?"

बासिलियाचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. आतून रुपेर्तोचा आवाज आला, "येतो म्हणून सांग."

सकाळी सीट गाडीत परत बसवलेली होती. लिम्बेर्त आणि दानित्सा आधी पोचले. "हे काय? या जुन्या चिंध्या कुठून आल्या?" लिम्बेर्तने विचारलं.

"थांब जरा. एक माणूस बसणार आहे," ती म्हणाली.

रुपेर्तो लंगडत आला, मागून ओर्तेन्सिया. त्याने पांढऱ्या गाडीकडे नुसतं बघितलं. कोणाची, काय, काही कळल्याचं चिन्ह नाही.

"बस, दादा."

तो दारात तिरका झाला, उजवा पाय आत टाकला आणि बसला. डावा पाय आपोआप खाली सुटला. रुपेर्तो हलेना. गिअरवर गेलेला हात तिथेच राहिला. मग त्याने मांडीखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हळूच म्हणाला, "काळा दोरा संपला होता."

बासिलियाला रडू कोसळलं.

ओर्तेन्सियाला कळायला एक क्षण लागला, पण कळल्यावर ती थांबली नाही. "बघा! बघा लोकहो! मी काय म्हणत होते? गाडी हिच्याकडेच निघाली! इतके दिवस दडवली, रंग फासला, आणि आता..."

"ओर्तेन्सिया, गप्प बस," रुपेर्तो गाडीतूनच म्हणाला. तो बायकोवर कधी आवाज चढवत नसे, आत्ताही चढवला नाही. "चोरी हिची असती तर हिने आधी ही गादी सरळ केली असती. ही ओळखणारं अख्ख्या शहरात दुसरं कोण होतं? काल सुरी हिच्याच हातात होती." मग तो बहिणीकडे वळला. "होती ना?"

बासिलियाने मान हलवली.

"मग मीच गाढव," रुपेर्तो म्हणाला. "तीन वर्षं."

आता लिम्बेर्तच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो भडकला. "थांबा! कोणाची गाडी, काय चाललंय? माझ्याकडे कागद आहेत! शिक्के आहेत! उतरा खाली!"

"कागद माझ्याकडेही आहेत. आणि माझे खरे आहेत," रुपेर्तो म्हणाला. तो उतरला नाही. काय म्हणून उतरेल? तीन वर्षांनी त्याचा खुबा पहिल्यांदा सुखाने बसला होता.

मग जे भांडण झालं ते रुळांच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेलं. लिम्बेर्तने दाराला लाथ मारली, आपल्याच की दुसऱ्याच्या, तेव्हा कोणीच सांगू शकलं नसतं. ओर्तेन्सिया पोलिसांत चला म्हणाली. लिम्बेर्त चला म्हणाला. शेवटी सगळ्यांना गप्प केलं ते दानित्साने, आणि तेही पोराला पाजता पाजता.

"जा पोलिसांत. निकाल लागेपर्यंत गाडी त्यांच्या आवारात उभी राहील. हे पोर मोठं होऊन ती सोडवायला जाईल. रुपेर्तोदादा, तुमची गाडी गेली. आमचं होतं नव्हतं ते गेलं. ज्याने हे केलं तो कुठेतरी नाचत असेल आणि आपण एकमेकांच्या झिंज्या उपटतोय. आणि दोन्या बासिलियाने होय म्हटलंय. धर्ममाय झाली. तिचा भाऊ म्हणजे आता आमच्या नात्यातला. नात्यातल्या माणसाला मी पोलिसांत नेणार नाही. तुम्हाला न्यायचं असेल तर न्या."

तंटा तिथेच मिटला असं नाही. टॅक्सी युनियनचा प्रमुख येऊन गेला, दोन दिवस आरडाओरडा झाला, लिम्बेर्त एकदा निघूनही गेला आणि बायकोने त्याला परत आणलं. अखेर ठरलं ते असं, की गाडी दोघांची. पहाटेपासून दुपारपर्यंत रुपेर्तो चालवेल, दुपारपासून रात्रीपर्यंत लिम्बेर्त. दोघांपैकी कोणीही खूश नव्हतं. त्यामुळे वाटणी बहुधा बरोबरच झाली असावी.

राहिली सीट. एक सीट, दोन कमरा. रुपेर्तोला उजवीकडे उंच हवी, लिम्बेर्तला सपाट. युनियनच्या प्रमुखाने सुचवलं की दोन सीटा ठेवाव्यात आणि रोज दुपारी बदलाव्यात. त्याला आयुष्यात कधी सीटचे बोल्ट खोलावे लागले नसणार.

बासिलिया सोमवारभर मशीनवर बसली. सीट सपाट केली, वर जाड कॉर्ड्रॉय, कडांना रेक्झिन, जसं लिम्बेर्तला सांगितलं होतं तसं. आणि वेगळी एक उशी केली, उजवीकडे जाड आणि डावीकडे निमुळती होत गेलेली. तिला जुनंच हिरवं कापड घातलं, आणि शिवण पिवळी.

मंगळवारी चाल्या झाला. बॉनेटवर पाकळ्या, आरशांना रंगीत पट्ट्या, चारी चाकांवर बिअर. चालीप्रमाणे सीटांवर पहिली धर्ममाय बसली. दारू शिंपडायची पाळी ओर्तेन्सियाची आली तेव्हा ती जरा घुटमळली. मग तिने सीटच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडली, उरलेली ग्लासात ओतली आणि बासिलियापुढे धरली. बासिलियाने ग्लास रिकामा केला.

गाडीची अदलाबदल बासिलियाच्या दुकानासमोर होते, कारण ते दोघांच्या घरांच्या मधे पडतं. दुपारी रुपेर्तो येतो, किल्ली लिम्बेर्तच्या हातात देतो आणि आपली उशी काढतो. ती गाडीत ठेवली तर लिम्बेर्तच्या पाठीत घुसते, डिकीत टाकली तर पोत्यांखाली चेपते. टेकडीवर घरी वागवत न्यायची तर लंगड्या माणसाला जड जाते. म्हणून तो ती दुकानात आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवतो. आलाच आहे तर बसतो. बसलाच आहे तर बहीण वाळवलेल्या बटाट्याच्या सूपचं भांडं पुढे करते. पहाटे उशी न्यायला येतो तेव्हा जांभळ्या मक्याची वाफाळती आपी प्यायला तयार असते.

परवा सूप पिता पिता तो खिळ्याकडे बघत म्हणाला, "बासी, एक सांग. या उशीला नि सीटला चेन लावली असतीस, तर ती गाडीतच मागे दुमडून ठेवता आली असती. मला रोज दोन खेपा पडल्या नसत्या. का नाही लावलीस?"

तिच्या डोक्यावरच्या फळीवर चेनची तीन भरलेली रिळं होती. रुपेर्तोने ती बघितली. तीही त्याच्याकडेच बघत होती.

"चेन संपली होती," बासिलिया म्हणाली, आणि तिने त्याच्या भांड्यात आणखी सूप वाढलं.